‘घरी घेऊन जा’ म्हटल्यानंतर

कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रोज दोन-चारदा तरी उच्चारले जाणारे एक वाक्य आहे. ‘आता आमच्याकडून करण्यासारखं काही उरलेलं नाही, पेशंटला घरी घेऊन जा.’ सांगणाऱ्या डॉक्टरपुढे रांग असते, ऐकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पुढचे काही ऐकू येत नसते आणि ज्याच्याबद्दल हे चालले आहे तो रुग्ण बहुतेक वेळा पलीकडच्या खाटेवर, काहीही न सांगितलेल्या अवस्थेत असतो. हातात डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची एक चिठ्ठी पडते. घरी नेऊन करायचे काय, रात्री दोन वाजता दुखायला लागले तर कोणाला फोन करायचा, धाप लागली तर काय द्यायचे, याची उत्तरे त्या चिठ्ठीत नसतात.

मग घरचे लोक तीनपैकी एक वाट धरतात. काही जण दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रुग्णाला दाखल करतात आणि कर्ज काढून आणखी आठ-दहा दिवस विकत घेतात. काही जण घरी नेतात आणि वेदनेने कण्हणाऱ्या माणसाशेजारी हतबल बसून राहतात. तिसरी वाट आहे, पण ती फार थोड्यांना दाखवली जाते. ती म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, मराठीत उपशामक सेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते. गरजूंपैकी बहुसंख्य आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

गेल्या काही वर्षांत शहरांमध्ये एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. ‘हॉस्पिस’, ‘पॅलिएटिव्ह’, ‘एंड ऑफ लाइफ केअर’ असे शब्द आता जाहिरातींत, वृद्धाश्रमांच्या पाट्यांवर आणि नर्सिंग ब्युरोच्या पत्रकांवर येऊ लागले आहेत. मुले परगावी किंवा परदेशी, घरात दोन म्हातारी माणसे, अशी कुटुंबे वाढत आहेत, तेव्हा अशा सेवेला मागणी येणारच. पण पाटीवरच्या शब्दामागे नेमके काय असते, हे तपासायचे कसे? आपल्या माणसाचे शेवटचे महिने किंवा आठवडे ज्यांच्या हाती सोपवायचे, त्यांची निवड आपण फ्रीज घेताना करतो तेवढीही चौकशी न करता करतो. त्यात दोष घरच्यांचा नाही. ती निवड त्यांना अशा दिवशी करावी लागते, ज्या दिवशी डोके चालत नसते.

हे उपचार सोडणे नव्हे

आधी शब्दांचा घोळ सोडवू. उपशामक सेवा म्हणजे आजार बरा करण्याऐवजी, किंवा तो बरा करण्याच्या प्रयत्नांच्या जोडीने, माणसाचे हाल कमी करणारे उपचार. वेदना, धाप, उलट्या, बद्धकोष्ठ, झोप न लागणे, अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा, भीती, पैशांची आणि मागे राहणाऱ्यांची काळजी, हे सगळे तिच्या कक्षेत येते. हॉस्पिस म्हणजे याच सेवेचा शेवटच्या टप्प्यातला भाग. तो एखाद्या वास्तूत मिळतो, तसाच घरीही मिळू शकतो. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तिथून या शाखेला आधुनिक रूप आले. शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणे वेगवेगळे काढता येत नाही, ही त्यांची मांडणी आजही या शाखेचा पाया आहे.

‘पॅलिएटिव्हकडे पाठवले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ हा समज मात्र चुकीचा आहे. बोस्टनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले गेले आणि निम्म्यांना त्याच उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा दिली गेली. दुसऱ्या गटातील रुग्णांचे दिवस अधिक सुखाचे गेले, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले, शेवटच्या काळात त्यांच्यावर जालीम उपचार कमी झाले आणि तरीही ते सरासरी जास्त जगले. पहिल्या गटात हा काळ ८.९ महिने होता, तर दुसऱ्या गटात ११.६ महिने. तेव्हा या सेवेचा पत्ता आजाराच्या सुरुवातीलाच हाती असावा, शेवटच्या आठवड्यात शोधायची ती गोष्ट नाही.

ही सेवा फक्त कर्करोगासाठीही नाही. हृदय कमकुवत झालेले, दम्यासारख्या जुन्या फुप्फुसविकाराने घरात अडकलेले, डायलिसिस न झेपणारे, पक्षाघाताने पडून असलेले, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातले, अशा सर्वांना तिची गरज असते. केंद्र निवडताना पहिली अडचण इथेच येते. काही संस्था केवळ कर्करोगाचेच रुग्ण घेतात. त्यामुळे ‘आमच्या आईचा आजार हा असा आहे, तुम्ही तिला घेता का?’ हे फोनवरच विचारावे. दारात जाऊन परत फिरण्याची वेळ येऊ देऊ नये.

आपल्याकडे आहे काय?

भारतातले पहिले हॉस्पिस महाराष्ट्रात सुरू झाले, हे अनेकांना ठाऊक नसते. डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन उभे राहिले. तिथे शेवटच्या टप्प्यातील कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य काळजी घेतली जाते. गोव्यात आणि दिल्लीतही या संस्थेच्या शाखा आहेत. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र चालते. तेही विनामूल्य आहे, आणि रुग्णासोबत घरातल्या एका माणसाने राहावे, अशी तिथली पद्धत आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथले पथक रुग्णांच्या घरीही जाते. या विषयात एम. डी. करण्याची देशातली पहिली सोय २०१२ मध्ये तिथेच झाली. नागपूरमध्ये स्नेहांचल ही संस्था काम करते.

ही नावे वाचून दिलासा वाटेल, पण नकाशा समोर ठेवला की चित्र बदलते. मुंबई, पुणे आणि नागपूर ओलांडले की यादी भराभर आटते. धडगाव, किनवट किंवा सिरोंचा इथल्या रुग्णाला ‘हॉस्पिस निवडा’ असे सांगणे म्हणजे थट्टाच ठरेल. केंद्र सरकारने २०१२ मध्ये उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्यातून काही जिल्हा रुग्णालयांत या सेवेसाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका नेमल्या गेल्या. पुढे आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या सेवांच्या यादीतही तिचा समावेश झाला. कागदावर रचना आहे. प्रत्यक्षात ती त्या त्या ठिकाणी एखादा डॉक्टर किंवा सिस्टर मनापासून काम करते का, यावर अवलंबून राहते. त्यांची बदली झाली की सेवाही बदलीवर जाते.

केरळमध्ये चित्र वेगळे का आहे? १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटे वेदनाशमन केंद्र सुरू केले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्यात उतरले. २००८ मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र धोरण केले आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांचा खर्च स्थानिक पंचायतींनी उचलायला सुरुवात केली. तिथे हॉस्पिसच्या इमारती फार नाहीत. परिचारिका, जीप, औषधांची पेटी आणि शेजारीपाजारी यांच्यावर ती सेवा उभी आहे. आपल्याकडे चर्चा सुरू झाली की आधी इमारतीची होते. म्हणूनच निवड करतानाही आपण इमारत पाहतो. खोल्या, बाग, वातानुकूलन या गोष्टी वाईट नाहीत, पण रुग्णाचे हाल त्याने थांबत नाहीत.

पहिला प्रश्न : मॉर्फिन आहे का?

एखादे केंद्र खरोखर उपशामक सेवा देते की नुसती राहण्याजेवणाची सोय करते, हे ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे तोंडाने घ्यायचे मॉर्फिन. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर साध्या गोळ्या पुरत नाहीत. मॉर्फिनची गोळी काही रुपयांत मिळते, दर चार तासांनी घड्याळ लावून देता येते आणि बहुतेक रुग्णांच्या वेदना आटोक्यात आणते. थोड्या मात्रेत ती धापेची जाणीवही कमी करते.

तरीही ती सहज मिळत नाही. भारतात अफूची कायदेशीर शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत, आणि इथलाच रुग्ण वेदनेने तळमळतो. याचे मूळ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. गैरवापर रोखण्यासाठी केलेल्या तरतुदींमुळे मॉर्फिन ठेवायला निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागू लागले आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच बंद केले. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने ते कसे वापरायचे हे प्रत्यक्ष पाहिले नाही. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवली गेली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवानगीवर ती ठेवण्याची मुभा मिळाली. कायद्याची अडचण बरीचशी दूर झाली. सवयीची आणि भीतीची राहिली.

म्हणून केंद्राला थेट विचारा : ‘तुमची मान्यताप्राप्त संस्था म्हणून नोंद आहे का? मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडे मिळतात का? घरी न्यायला किती दिवसांच्या देता?’ उत्तर ‘आम्ही पॅच लावतो’, ‘इंजेक्शन देऊ’, ‘तशी वेळ आली तर बघू’ असे मोघम आले, तर सावध व्हा. पॅचला कामात जागा आहे, पण तो महाग असतो आणि अचानक उसळणाऱ्या वेदनेवर त्याचा उपयोग नसतो.

घरच्यांच्या मनातल्या दोन शंकाही इथेच सोडवून घ्याव्यात. मॉर्फिनची सवय लागेल का? वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिले तर व्यसनाची भीती फार कमी असते. मॉर्फिनने मृत्यू लवकर येतो का? हळूहळू वाढवलेल्या योग्य मात्रेने तसे होत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, त्यामुळे मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचे औषध लिहून दिलेलेच हवे. चिठ्ठीवर मॉर्फिन आहे आणि ते औषध नाही, तर लिहिणाऱ्याचा या कामातला अनुभव कमी आहे, असे समजायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न : रात्री फोन कोण उचलतो?

शेवटच्या टप्प्यातल्या अडचणी कार्यालयीन वेळ पाहून येत नाहीत. दिवसा सगळे ठीक असलेला रुग्ण रात्री एकाएकी बेचैन होतो, भ्रमात बोलू लागतो, घशात घरघर सुरू होते. अशा वेळी फोनवर माहीतगार आवाज मिळाला, घरात आधीच ठेवलेल्या औषधांतले कोणते, किती द्यायचे हे सांगितले गेले, तर प्रसंग घरातच निभावतो. फोन लागला नाही, तर तोच रुग्ण रुग्णवाहिकेतून अतिदक्षता विभागात पोहोचतो आणि ज्या नळ्या नको म्हणून सगळ्यांनी ठरवले होते, त्याच नळ्या लागतात.

घरपोच सेवा निवडताना म्हणून नेमके विचारावे. रात्रीचा फोन डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर घेते की नुसता नोंद घेणारा माणूस? आठवड्यातून किती वेळा भेट? येणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण काय? अनेक ब्युरो ‘नर्स’ म्हणून ज्यांना पाठवतात त्या मावशी प्रेमळ आणि कष्टाळू असतात, अंघोळ घालतात, कूस बदलतात, भरवतात. ते काम मोलाचे आहे, त्याशिवाय घर चालत नाही. पण ती परिचर्या झाली. औषधाची मात्रा ठरवणे, जखमेची निगा, त्वचेखाली इंजेक्शन देणे हे नोंदणीकृत परिचारिकेचे आणि डॉक्टरचे काम. दोन्हीसाठी वेगवेगळे पैसे लागतील की एकच, हे ठरवताना आपण नेमके काय विकत घेतो आहोत, ते ठाऊक असावे.

चांगल्या पथकाची आणखी एक खूण असते. ते घरच्यांना शिकवते. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, तोंड कसे ओले ठेवायचे, नळीची पिशवी कशी रिकामी करायची, कोणती लक्षणे दिसली तर घाबरायचे नाही, हे ते हाताने करून दाखवते आणि लिहून देते. ज्यांना तुम्ही कायम त्यांच्यावरच अवलंबून राहायला हवे असते, ते हे शिकवायला टाळाटाळ करतात. हवेची गादी, कमोडची खुर्ची, पाठ वर होणारी खाट, ऑक्सिजन यंत्र या वस्तू विकत घेण्याआधी गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात चौकशी करा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत सामाजिक संस्था आणि मंडळे थोड्या अनामत रकमेवर त्या वापरायला देतात.

तिसरा प्रश्न : मृत्यूचा दाखला कोण देणार?

हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही आणि नंतर सर्वांत जास्त मनस्ताप यानेच होतो. घरी मृत्यू झाला, ओळखीचा डॉक्टर गावाला गेलेला, दुसरा कोणी सही करायला तयार नाही, म्हणून पार्थिव घेऊन रुग्णालय गाठायचे. तिथे ‘आणण्यापूर्वी मृत’ अशी नोंद होते आणि पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन यांचा फेरा सुरू होण्याची शक्यता असते. शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने अशी कुटुंबे पाहिली आहेत. माणूस शांतपणे घरी गेला, आणि शेवटचे सहा तास पोर्चमध्ये गेले.

कायदा याबाबत कुटुंबाच्या बाजूने आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार, शेवटच्या आजारात रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र कोणतेही शुल्क न घेता द्यायचे असते. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी त्याचा स्वतंत्र नमुना आहे, नमुना ४-अ. नोंदणीची मुदत २१ दिवसांची. तेव्हा सेवा घेतानाच विचारा : ‘घरी मृत्यू झाला, तर तुमचे डॉक्टर येऊन प्रमाणपत्र देतील का? रात्री झाला तर?’ याचे स्पष्ट उत्तर देणारी संस्था बाकीच्या कामातही सहसा चोख असते.

याच संदर्भात डिस्चार्जचा कागद नीट वाचा. ‘घरी घेऊन जा’ असे तोंडी सांगायचे आणि कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ अशी नातेवाइकांची सही घ्यायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. त्याने डॉक्टर स्वतःला सुरक्षित समजतात. कुटुंबाला मात्र ना पुढचे औषध मिळते, ना कोणाची जबाबदारी उरते. निर्णय दोघांनी मिळून घेतला असेल, तर कागदावरही तसेच हवे : आजाराचे निदान, तो बरा होण्याच्या पलीकडे गेल्याची नोंद, वेदनेची औषधे आणि पुढे कोणाकडे पाठवले ते. हे मागणे उद्धटपणाचे नाही.

पैसे आणि प्रलोभने

काही संस्था पूर्ण विनामूल्य आहेत, काही ऐपतीप्रमाणे घेतात, खासगी सेवा दिवसावर किंवा भेटीवर आकारणी करतात. विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला असतो. घरच्या सेवेसाठी त्यात जागा नसते, किंवा असली तरी अटींसह. याचा विचित्र परिणाम असा की, घरी राहू शकणारा रुग्णही ‘क्लेम मिळतो’ म्हणून दाखल होतो. हे विमा नियमांनी निर्माण केलेले दुखणे आहे आणि ते धोरणानेच दुरुस्त व्हायला हवे.

खर्च लेखी घ्या. दैनंदिन दरात डायपर, ड्रेसिंग, औषधे धरली आहेत का? अनामत रक्कम रुग्ण दोनच दिवसांत गेला तर परत मिळते का? ‘बरे करून दाखवू’ असे सांगणाऱ्या केंद्रापासून दोन हात लांब राहा. ‘काही थोडे केमो देऊन पाहू’, ‘स्टेम सेलचे एक इंजेक्शन’ असे प्रस्ताव हॉस्पिसच्या दारात येत असतील, तर ते हॉस्पिस नव्हे. भेटीच्या वेळा ताणून कडक ठेवणारे, नातवंडांना येऊ न देणारे, बेचैन रुग्णाचे हात बांधून ठेवणारे ठिकाणही टाळा. शक्य असल्यास आधी न सांगता, दुपारच्या वेळी जाऊन या. वास कसा येतो, खाटेवरच्या माणसांची नखे कापलेली आहेत का, हाक मारल्यावर कोणी किती वेळात येते, हे पंधरा मिनिटांत दिसते.

खाणे, सलाईन आणि घरातले मतभेद

शेवटच्या दिवसांत घराघरांत एक वाद होतो. आई जेवत नाही. धाकटा म्हणतो नळी घाला, मोठी बहीण म्हणते तिला त्रास देऊ नका, परदेशातला भाऊ व्हिडिओ कॉलवर विचारतो, ‘निदान सलाईन तरी लावलंय ना?’ आपल्या संस्कृतीत भरवणे म्हणजे माया, त्यामुळे न भरवणे पापासारखे वाटते. पण मृत्यूकडे निघालेले शरीर अन्न स्वीकारायचे थांबते. न खाल्ल्याने मृत्यू येत नसतो, मृत्यू जवळ आल्याने भूक गेलेली असते. या टप्प्यावर भरमसाट सलाईन दिल्यास सूज येते, छातीत पाणी साचते, घरघर वाढते. चमच्याने दोन घोट, ओठांना ओलावा, आवडीच्या पदार्थाची चव एवढे पुरेसे असते. चांगली सेवा देणारे पथक सगळ्या भावंडांना एकत्र बसवून, परदेशातल्याला फोनवर घेऊन, हे एकदाच समजावून सांगते. अशी कौटुंबिक बैठक घेता का, हेही विचारण्यासारखे आहे.

त्याहून अवघड प्रश्न असतो रुग्णाला सांगायचे की नाही. ‘डॉक्टर, अण्णांना काही सांगू नका, ते खचतील,’ ही विनंती प्रेमापोटीच असते. बहुतेक अण्णांना ते आधीच कळलेले असते आणि तेही मुलांना त्रास नको म्हणून गप्प असतात. दोन्ही बाजू एकमेकांना जपत एकाकी होतात. चांगले केंद्र रुग्णावर सत्य आदळत नाही आणि त्याच्याशी खोटेही बोलत नाही. ‘तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?’ इथून ते सुरुवात करते. कोणाला बँकेची कागदपत्रे लावायची असतात, कोणाला रुसलेल्या भावाला भेटायचे असते, कोणाला गावच्या घरी जायचे असते. वेळ हातात असताना हे विचारले गेले तरच जमते.

कायदा काय म्हणतो

उपशामक सेवा आणि इच्छामरण यांची गल्लत होते, म्हणून थोडे स्पष्ट करायला हवे. उपशामक सेवेत मृत्यू लवकर आणायचा नसतो, आणि यंत्रांनी तो लांबवायचाही नसतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जीवरक्षक उपचार काढून घेण्याचा प्रश्न प्रथम हाताळला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, वैधता दिली. सुरुवातीची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. रुग्ण बोलू शकत नसेल, तेव्हा उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत लागते.

गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवले, ही उल्लेखनीय घटना होती. ज्यांना हे सर्व करणे जमणार नाही, त्यांनी निदान घरात बसून बोलावे आणि एका कागदावर लिहावे : व्हेंटिलेटर नको की हवा, शेवटी घरी राहायचे की रुग्णालयात, माझ्या वतीने कोणी बोलायचे. असा साधा कागद कायदेशीर इच्छापत्राची जागा घेत नाही, पण अतिदक्षता विभागाच्या दारात भावंडांमधले भांडण पुष्कळदा टाळतो.

निवड करायला पर्याय तर हवा

वर सांगितलेले प्रश्न ज्यांच्यापुढे दोन-तीन पर्याय आहेत, त्यांच्या कामाचे आहेत. बहुसंख्य महाराष्ट्रापुढे एकही नाही. तिथे निवडीचा सल्ला देऊन भागणार नाही, सेवा उभी करावी लागेल. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि टप्प्याटप्प्याने ग्रामीण रुग्णालयांत मॉर्फिनचा अखंड साठा, बदली झाली तरी रिकामे राहणार नाही असे एक प्रशिक्षित पथक, आणि आशाताईंच्या घरभेटींत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची नोंद. आशाताईंवर कामांचा ढीग आधीच आहे, तेव्हा हे काम देताना मोबदलाही द्यावा लागेल. अतिदक्षता विभागाच्या एका खाटेवर रोज जो खर्च होतो, त्यात घरोघरी जाणारी एक सिस्टर कितीतरी रुग्णांना सांभाळू शकते.

वाचकांनी आपल्यापुरते दोन गोष्टी आत्ताच कराव्यात, घरात कोणी आजारी नसताना. पहिली, जवळची सेवा कुठे आहे ते शोधून फोन क्रमांक लिहून ठेवावा. पॅलियम इंडिया या संस्थेच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय केंद्रांची यादी मिळते. दुसरी, आपल्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन विचारावे : ‘इथे उपशामक सेवेचा कक्ष कोणत्या दिवशी असतो? मॉर्फिनच्या गोळ्या आज उपलब्ध आहेत का?’ उत्तर ‘हो’ आले तर ते शेजाऱ्यांनाही सांगा. ‘नाही’ आले तर ते लेखी मागा आणि आपल्या आमदारांकडे, जिल्हा परिषद सदस्याकडे घेऊन जा. रस्ता खराब असला, नळाला पाणी नसले की आपण मोर्चा नेतो. वेदनेवरची काही रुपयांची गोळी मिळत नाही, म्हणून अजून फारसा कोणी विचारायला गेलेला नाही, आणि ती न मिळण्याचे हेही एक कारण आहे.